किल्ली माझ्याकडे असते

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, जुन्या बर्फकारखान्याला लागून
जो हॉल आहे, त्याची किल्ली माझ्याकडे असते.
सोमवारी ज्युदो, बुधवारी वजन घटवणाऱ्या बायका,
आणि महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी ही मंडळी.
खुर्च्या चौदा. येतात नऊ. भांडतात चाळिसांइतके.

मालिकेचं नाव 'ऑरिओल'. एका यानाची गोष्ट,
त्रेपन्न वर्षं चाललीय आणि यान अजून पोचलेलं नाही.
मी एकही भाग पाहिलेला नाही.
जे ठाऊक आहे ते या भांडणांतून,
भिंतीपलीकडच्या संसारातलं कळत जावं तसं.

ग्लेनिस म्हणते, दुसरा कप्तान भेकड होता.
भेकड! टेरेन्सचा चहा बशीत उतरतो.
तीन सूर्यांच्या मधोमध एकटा उभा राहिला तो!
बूट चिकटले होते म्हणून, ग्लेनिस म्हणते,
आणि बिस्किट बुडवते.

केझाया एकोणीस वर्षांची. तिचं मत,
पहिली दहा वर्षं वगळली तरी काही बिघडत नाही.
त्यानंतर जी शांतता पसरली
ती मी याआधी एकदाच पाहिली होती,
नव्या पाद्र्याने मयतीला भलत्याच माणसाचं नाव घेतलं तेव्हा.

मग काथ्याकूट. चौथ्या पर्वातला मृत्यू खरा की खोटा,
यंत्रमानवाला मताचा हक्क द्यायला हवा होता का,
यानाचा हिरवा रंग कुणी बदलला, कुणाला विचारून.
नॉर्मन पुठ्ठ्याच्या फायलीतून कात्रणं काढतो.
तो आणि टेरेन्स एकमेकांशी बोलत नाहीत
ऐंशी सालच्या एका दारावरून:
ते डावीकडे सरकायचं की उजवीकडे.
बोलत नाहीत. बसतात मात्र शेजारी.

ऑबरी कधी तोंड उघडत नसे.
पूर्वी ट्रॉलरवर होता, दोन बोटं आइसलंडच्या समुद्रात राहिली.
फेब्रुवारीच्या गुरुवारी त्याने हात वर केला,
तीन बोटांचा, शाळेत करतात तसा,
आणि म्हणाला, अकरावं पर्व सगळ्यात चांगलं.

अकरावं!
त्याचं नावसुद्धा इथे कुणी काढत नाही,
घर सोडून गेलेल्या जावयाचं काढत नाहीत तसं.
सगळे एकदम हमरीतुमरीवर.
ऑबरी थांबला. वारं पडेपर्यंत थांबायची त्याला सवय.
मग म्हणाला, आयरीनच्या वॉर्डातल्या टीव्हीला आवाज नव्हता.
रात्री लावायचे. तिच्या नळ्या, माझी खुर्ची, आणि ते यान.
कोण काय बोलतंय ते आम्हीच ठरवायचो.
कप्तानाचं ती बोलायची. बाकी सगळ्यांचं मी.
भाग सव्वीस होते.
पंचवीस पाहिले.

किटली उकळत राहिली, कुणी उठलं नाही.
शेवटी ज्या नॉर्मनने त्या पर्वाला
सगळ्यात जास्त शिव्या घातल्या होत्या,
त्याच्याच पिशवीतून ती तबकडी निघाली.
प्रोजेक्टर टेरेन्सने लावला. दिवे मी घालवले.
दहा वाजून गेले होते, माझी कुलपाची वेळ.
दारातच उभा राहिलो.

पडद्यावर नुसते ओठ हलत होते.
बराच वेळ.
मग ग्लेनिसने घसा साफ केला आणि कप्तान बोलला:
"या भयंकर टोप्या कुणी शिवल्या?"
ऑबरी आधी हसला. मग सगळेच सुटले,
ज्याला जे तोंड सापडलं ते त्याने घेतलं,
यंत्रमानव केझायाने, राणी नॉर्मनने, बारीक आवाजात.
मध्येच एक दार सरकलं. उजवीकडे.
टेरेन्सने ब्र काढला नाही.

मी तर पहिल्यांदाच पाहत होतो.
आणि तोंडातून निघून गेलं,
कप्तान मला वाटला होता त्याहून बराच बुटका आहे.

नऊ माना वळल्या.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं.
कुलूप लावलं तेव्हा पावणेबारा वाजले होते,
आणि टेरेन्स अजून पायरीवर उभा राहून
मला त्याची उंची सांगत होता, बूट काढून.