पाचवी खोली

कॅल्गरीच्या कडेला, जिथे रस्ता संपून गवत लागतं,
तिथे टॅरिन आणि ब्रॉडीनं घर घेतलं.
पाच बेडरूम. माणसं तीन.

पाचवी कुणासाठी, बँकेनं विचारलंच नाही.
पाहुण्यांसाठी, टॅरिन आपणहून म्हणाली.

जानेवारीत उणे तीस.
गॅसची बिलं येत गेली तशा
ब्रॉडीनं एकेका खोलीतल्या गरम हवेच्या जाळ्या
चिकटपट्टीनं बुजवल्या.
आता तिघं झोपतात स्वयंपाकघराशेजारी,
एका गादीवर, गुडघ्यात गुडघा,
भाड्याच्या घरात झोपायचे
तसेच.

इस्ला मात्र रोज कोट चढवून वर जाते,
पाचव्या खोलीत उभी राहून
स्वतःलाच हाक मारते.
खोली ओ देते.

खाली येऊन सांगते:
पाहुणी आलीये.
माझ्याच नावाची.