नऊ इंच

पॉलिसीवर छापलंय 'मरीन'.
मी धुळ्याचा. समुद्र दोनदा पाहिला,
त्यातला एकदा रात्री, म्हणजे ऐकलाच फक्त.
पण जहाजातून उतरलेला माल
दीपनगरच्या फाटकातून आत जाईपर्यंत
कागदावर पाण्यातच असतो,
खाली पांझरा कोरडी का असेना.

माल : ट्रान्सफॉर्मर. एक नग. एकशे बेचाळीस टन.
हजिऱ्याहून निघून अठरा दिवस.
चौदा अ‍ॅक्सल, एकशे बारा चाकं,
पुढे एक ओढणारा, मागे एक ढकलणारा,
आणि वर बांबू घेऊन बसलेला गुलशेर तडवी.
नवरदेवाच्या घोड्यापुढे पोरं वायरी उचलतात,
तशा तो गावोगावच्या तारा उचलत आला.

कोंडाईबारीचा घाट ओलांडला, ओरखडा नाही.
फक्त पोटाला चिकटवलेल्या त्या डबीने
अकरा तारखेला, पहाटे दोन चाळीसला
एक रेघ वर फेकलेली.
दोनपर्यंत माफ असतं. ही साडेतीनची.
रंगाचा टवकाही उडालेला नाही.
आत गाभा हललाय का
ते उघडल्याशिवाय कळत नाही,
आणि उघडणारा इंजिनिअर यायला दीड महिना.

मला जागा हवी होती, जिथे ती रेघ उठली.
गुलशेर म्हणाला, साहेब, पुलाखाली उंची बसेना,
म्हणून जुन्या रस्त्याने गावातून काढली.
गावाचं नाव अहवालात आहे.
मार्ग-तपासणीच्या तक्त्यात त्या रस्त्यावर
तीन मोऱ्या, एक निंब, स्वागताची एक कमान.
गतिरोधक : निरंक.

तो तर होता.
शेतातले धोंडे, वर कुठून तरी मागून आणलेलं डांबर,
आणि एका टोकाला पाट्याचा अर्धा तुकडा,
टाकीच्या खुणा अजून हाताला लागतील अशा.

"कोणी टाका हाऊ?"
ओट्यावर मठ निवडणाऱ्या बाईने मान वर केली नाही.
"आम्हीच टाका, भाऊ.
चेतना गयी, तिना तेरावाना दिन."
मग सूप झटकलं. खडे उडाले.
"पाटा मनाच शे."

नाव विचारलं. ठगाबाई.
लिहिलं.
मग आठवलं, त्या रकान्यातल्या नावाचं पुढे काय होतं :
आधी कंपनी पैसे भरते,
मग कोणाकडून वसूल करायचे ते शोधते.
नऊ कोटींची विमा रक्कम,
आणि समोर सुपात शेरभर मठ.

खोडलं. इतकं की मागच्या पानावर उमटलं.

नुकसानीचं कारण : रस्त्यावरील उंचवटा.
उंची नऊ इंच. रुंदी दोन फूट, सरासरी.
केव्हा झाला, कोणी केला : माहिती मिळाली नाही.
पाट्याबद्दल लिहिलं नाही.
पाटा म्हणजे दगडच.

माझ्या वरिष्ठांनी फोनवर विचारलं,
गावात कोणालाच कसं माहीत नाही?
मी म्हणालो, दुपार होती. लोक शेतात.
हे खोटं त्यांना पटलं की सोयीचं वाटलं
कोण जाणे.

दुपार होती, म्हणून डांबर मऊ होतं.
टेप गुंडाळताना नवाच्या आकड्यावर चिकटलं.
रॉकेलने पुसलं, ब्लेडने खरवडलं,
आकडा गेला, डांबर आहे.
आता पवनचक्कीचं पातं मोजा, बॉयलर मोजा,
मोजणी आठापाशी जरा अडखळते,
मग दहा.