अजून

केमीच्या बंदरातून बर्फफोडी बोट पहाटेच निघून जाते.
तुओवी उठते तेव्हा तिने फोडलेली वाट
पुन्हा सांधत आलेली असते.

ऑस्मो गेला त्या हिवाळ्यात
तिने हा प्रोग्राम लिहायला घेतला,
पदरमोड करून, स्वयंपाकघरातल्या टेबलावर.
काम साधंच: दुसऱ्याचा कोड उघडायचा,
प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर कुणी काही लिहून ठेवलंय का बघायचं,
असेल ते वेचून पानं लावायची.
हा प्रोग्राम कोड चालवत नाही.
नुसता वाचतो.

पहिली पानं निघाली ती ऑस्मोची.
कागद गिरणीतल्या बॉयलरचा सगळा कोड त्याचा.
तीन तिरप्या रेघा, आणि पुढे:
"इथे चार सेकंद थांबायचं.
का, ते मला विचारू नका. व्हॉल्व्हला विचारा."
छापून आलेलं वाचून ती हसली,
मग बराच वेळ
नळ वाहता राहिला.

पुढे गिरणी बंद झाली, बॉयलर भंगारात गेला.
ते चार सेकंद तेवढे उरले, चाचण्यांच्या फाइलीत.

तिने प्रोग्राम सगळ्यांना खुला केला, तशी माणसं येऊ लागली,
तोंडं न दिसणारी.
कुणी एक स्वल्पविराम दुरुस्त करून गेलं, कुणी अख्खा पार्सर.
कुणी नुसतंच कळवलं: चालत नाही.
काय चालत नाही, ते नाही.

आणि परवा पुंता अरेनासहून, पृथ्वीच्या पार बुडाकडून,
एलिसेओ नावाच्या कुणाची दुरुस्ती. एकच शब्द.
जिथे काहीच लिहिलेलं नसे
तिथे प्रोग्राम छापायचा, "वर्णन नाही."
त्याने केलं, "वर्णन अजून नाही."

एका शब्दापायी दोनशे बारा चाचण्या लाल.
कशाला, तिने विचारलं.
"माझ्या कोडवर ते 'नाही' वाचून
दोन वर्षं मी त्याला हात लावला नाही."
तिने लिहिलं: आणि लिहिणारा मेला असेल तर?

उत्तर नाही. बुटांना खिळे बांधून ती धक्क्यावर जाऊन आली.
दुपारी दोनलाच दिवे लागलेले.
परतली तर चाचण्या हिरव्या,
दोनशे अकरा. त्याने एकेक बसून निस्तरलेल्या.
एक ठेवलेली. शेजारी टीप:
"ही तुमच्या माणसाची दिसते. मी हात लावला नाही."

ऑस्मोचं ते फंक्शन, डोक्यावर काही नसलेलं. नऊ ओळी.
कॉफी निवली. तिने दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा बोट ठेवून,
मग तीन तिरप्या रेघा ओढल्या:
"बहुधा वाफेचा दाब उतरू द्यायला.
नक्की माहीत नाही. तुओवी."

अजून स्वीकारला.
पानं पुन्हा लावायला घातली.
चार सेकंद लागले असतील, कमीच.