कडता

एकोणीसशे सत्त्याहत्तर. छत्तीसशेपैकी.
झेरॉक्सवाल्याने कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला:
चोपन्न पूर्णांक ब्याण्णव.
हवे होते पंचावन्न.

पंचावन्न असते तर बी.कॉम. पुरलं असतं.
फाउंडेशन माफ, थेट इंटरमीजिएट,
मग आर्टिकलशिप, मग फायनल,
आणि कधीतरी नावाआधी ती दोन अक्षरं.
नाहीतर बारावीच्या पोरांशेजारी
पुन्हा पहिलं पान.

अप्पा मोंढ्यातून आले तेव्हा
कानाच्या पाळीपर्यंत हळद.
"किती कमी पडले?"
"तीन."
"तीन काय? किलो?"
आणि स्वतःच हसले.

बाजार समितीचे मापाडी ते. पितळी बिल्ला, नंबर एकशे सतरा.
तुम्हाला काय अट होती शिक्षणाची, मी लहानपणी विचारलं होतं.
"काटा थांबायच्या आदी तोंड उघडायचं न्हाई. तेवढीच."

"अडते तर पोत्यामागं दीड-दीड किलो कडता धरतेत,
तुमचं इद्यापीठ तीन मार्क सोडंना व्हय?"
अप्पा, तिथे कडता नसतो.
पाच हजारांना एक नियम,
पंचावन्न म्हणजे पंचावन्न.
मला वाटलं, चिडतील.
तर त्यांनी मान डोलावली, जणू स्थळ पसंत पडलं.
"मंग काटा चांगला हाय."

फेरतपासणीची फी आईने भिशीतून काढली.
वसमत ते नांदेड तीन खेपा.
खिडकीतल्या बाईंनी उत्तरपत्रिकेची प्रत सरकवली,
आणि मी तिथेच, रांगेत, बोटांवर मोजलं:
लेखापरीक्षणाच्या पेपरात
तपासणाऱ्याची बेरीज चुकली होती.
चार मार्कांनी.

एकोणीसशे एक्याऐंशी.
फॉर्म पुढे सरकला.
तीन वर्षांत काय कळलं, हे कुणी विचारलं नाही.
किती, ते विचारलं.

वजिराबादच्या ऑफिसात जिन्याखाली माझं टेबल.
बिलोलीकर सरांनी पहिल्या आठवड्यात
एका हळद व्यापाऱ्याच्या पावत्यांचं खोकं दिलं.
"पदवीने तुला दारापर्यंत आणलं, सुवर्णमाला.
आता हे खोकं उघड."

उघडलं. शिंक आली.
पावत्यांवर पिवळे अंगठे,
आणि एकेका सातला मधोमध आडवी रेघ.

तो सात मी ओळखते.
त्याच सातने माझ्या वह्यांवर नाव-इयत्ता घातलीय,
दुधाच्या हिशोबात, कॅलेंडरच्या पाठीवर,
मी तो सात गिरवूनच सात शिकले.

पावतीवर सत्तावन्न किलो सातशे.
खरेदी खात्यात छप्पन्न दोनशे.
पुढची पावती, पुढचं पोतं,
फरक तोच. दीड. दीड. दीड.
बत्तीस पोती मोजून मी पेन्सिल खाली ठेवली.

सर म्हणाले, "उत्तर लिहू नकोस. प्रश्न लिही."
मी लिहिलं: वजनपावती व खरेदी नोंद यांत तफावत, खुलासा व्हावा.
अक्षर जरा वाकडं आलं.

रात्री फोनवर अप्पांनी विचारलं,
"काय शिकीवलं आज?"
तुम्ही लिहिलेलं वाचायला, मी म्हटलं.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
काटा अजून हलत असावा.
मीही बोलले नाही.