नंतर

हर्णैच्या सोसायटीत, डिझेल-परताव्याच्या टेबलावर
पडदा रोज विचारतो : आत्ता, की नंतर?
मी 'नंतर' दाबतो. चौथं वर्ष.

दापोलीचा निहाल म्हणतो, "काका,
याला आता वाली नाही. कंपनीनं हात वर केलेत."
खरंय.
पण जुन्या फॉन्टातली एकशे बारा नौकांची नावं
नव्यात उघडली की नुसते तारे, कंस, टक्के.
'दर्यासारंग'चं तर एक उद्गारचिन्ह उरलं होतं.

खिडकीखाली इब्राहिम मुकादम
फळ्यांच्या फटींत कापूस ठासतोय.
"गळते?"
"सगळ्याच गळतात. किती, ते बघायचं."

कीबोर्डवरचं मीठ पुसलं,
नावं हातानं वहीत उतरवायला घेतली.
त्रेसष्टपर्यंत आलोय.

पडद्यानं पुन्हा विचारलं.
थांब रे,
अजून एकोणपन्नास.