जकात

परकीय चलनाच्या खिडकीत मी एकवीस वर्षं बसलो,
लष्कर भागातल्या शाखेत,
डोक्यावर पंखा, कागदांवर शिक्क्यांची पेटी.

इयास यायचा सहा-सात तारखेला.
फार्मसीचं दुसरं वर्ष. वडील तुलकर्मला
जमीन-नोंदणीच्या कचेरीत कारकून.
पैसे अम्मानहून न्यूयॉर्क, न्यूयॉर्कहून मुंबई,
मुंबईहून माझ्या टेबलावर:
एवढ्याशा रकमेची एवढी जगप्रदक्षिणा.

मग तिकडे निवडणूक झाली.
निकाल देणगीदारांना रुचला नाही.
एप्रिलात इयास आला, मेमध्ये आला,
जूनमध्ये नुसताच काचेपलीकडून मान हलवून विचारू लागला
आणि मी आतून तशीच हलवू लागलो.

एकदा विचारलं, वडिलांनी मत कुणाला दिलं होतं?
म्हणाला, मी नाही विचारलं.
पगार तर दोन्हीकडच्यांचा थांबलाय.

एक रक्कम निघाली होती, ती न्यूयॉर्कला अडकली.
शेरा: आडनाव तपासणीखाली.
मी पाच स्मरणपत्रं पाठवली, 'कृपया त्वरित' लिहून.
खिशातून देता आले असते. दिले नाहीत.
तीनदा चहा, दोनदा पोहे.
हिशेब आहे, म्हणून हेही लिहून ठेवतो.

माझी बायको हडपसरच्या शाळेत,
बारा वर्षं विनाअनुदानित.
तिला सगळं सांगितलं. कणीक तिंबता तिंबता म्हणाली,
'अख्खं सरकारच विनाअनुदानित?'
आणि थोडं पाणी घातलं.
'त्याला जेवायला आण.'

स्कूटरवरून आणत होतो.
सोलापूर रस्त्यावर नाक्याशी ट्रकची रांग.
बसच्या पाट्यांवरून देवनागरी शिकलेला पोरगा
मागून मोठ्यानं वाचू लागला:
ज… का… त.
मग खदखदून हसला. झकात?
तुमच्याकडे ट्रकवालेही दानधर्म करतात?

मी सांगितलं, दान नव्हे, कर.
शहरात माल आला की शहर घेतं,
त्यातून रस्ते, दिवे, झाडूवाल्यांचे पगार.
तो गप्प झाला. पुढची रांग हलली.
मग माझ्या कानाशी, वाऱ्यात तुटत तुटत:
आमचा कर बंदरावर दुसरेच गोळा करतात,
आमच्यासाठी म्हणून.
रागावले की ठेवून घेतात.
आणि दान तिसरेच पाठवतात.
ते रागावले की पाठवत नाहीत.
या वर्षी दोघंही एकदमच रागावले.
तुमचं बरंय, एका शब्दात भागवलंत.

त्या रात्री त्यानं सात पोळ्या खाल्ल्या.
बायकोनं मोजल्या नाहीत. मी मोजल्या.

सप्टेंबरात तिकडे संप. त्याच्या वडिलांचं पत्र आलं होतं,
ते खिडकीशी उभं राहून मला तोडक्या हिंदीत सांगितलं:
संपाला माझा पाठिंबा आहे, पण किल्ली माझ्याकडे आहे.
म्हणून रोज जाऊन पायरीवर बसतो.
आत कुणाचं जैतुनाचं शेत कुणाचं, ते लिहिलेलं आहे.
पगार नाही म्हणून ते पुसून कसं चालेल?

पुढच्या उन्हाळ्यात चौऱ्याऐंशी डॉलर आले.
त्यातून पंचवीस मधल्या बँकांचे.
सही करताना त्यानं पेन मागितलं
आणि परत द्यायला विसरला. मीही मागितलं नाही.

आता नाका नाही. जकात गेली,
तिच्या जागी दुसरं आलं, मग तिसरं.
पत्र्याच्या शेडखाली कलिंगडवाला बसतो.
इयासचा पत्ता माझ्याकडे नाही.
पेपरात आतल्या पानावर अधूनमधून येतं:
निधी रोखला, निधी काही अंशी सोडला.
'काही अंशी'खाली मी पेन्सिलीनं रेघ मारतो, जुनी सवय,
आणि कोऱ्या समासात
बारीक अक्षरात लिहितो: येणे.