खेदाचं वाक्य

अग्निशमन दलाचा हॉल. पुढच्या रांगा
बटाट्याच्या सॅलडचे डबे ठेवून आधीच अडवलेल्या.
पडदा म्हणजे एक चादर, मधोमध इस्त्रीची घडी;
सिनेमातली माणसं चालत यायची
आणि त्या घडीपाशी जराशी दुमडायची.

मी मागे, दाराजवळ.
गुडघ्यामुळे, असं सांगितलं.

दूरच्या कुठल्याशा देशातली एक सुईण.
तिला विचारतात, बाळंतपणाचे किती?
तिला प्रश्नच कळत नाही. मग म्हणते,
हां, गाडी लावल्याचे द्यावे लागतात,
तेही नवरा विसरला तर विसरला.
हॉल हसला,
जादूगारानं कानामागून नाणं काढावं तसा.
वर्लिन स्टूप्स तेवढा हसला नाही.
छत्तीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलेला माणूस,
आता नळकांड्यातला श्वास मोजून वापरतो.
हसणं त्याला परवडत नाही.

मग नेब्रास्कातलं एक स्वयंपाकघर.
फ्रिजवर मुलीचा फोटो, खाली चुंबकात अडकवलेलं पत्र.
बाई चष्मा लावते, वाचायला लागते:
आपल्यासाठी हा काळ कठीण असू शकतो
याची आम्हाला जाणीव आहे. तथापि,

तथापि ती वाचायच्या आत मी ऐकला.
त्याच्यापुढचा स्वल्पविराम माझा आहे.

लुईव्हिल, तिसरा मजला, एकोणीस वर्षं.
माझ्याआधी पत्रात दोनच शब्द असायचे: विनंती नामंजूर.
मीच टार्किंग्टनसाहेबांना म्हटलं,
आजारी माणसं आहेत हो, काहीतरी मऊ लिहू या.
त्यांनी लिहू दिलं.
सहा महिन्यांत तक्रारींचे फोन एक तृतीयांशानं घटले
आणि मला एक मग मिळाला, सूर्यफुलं रंगवलेला.
अजून त्यातच कॉफी पिते.
दोनदा हातातून पडला, फुटत नाही.

पुढच्या रांगेतून रोवीना फुल्ट्झ ओरडली,
हे लिहिणाऱ्याचे हात झडोत!
सगळा हॉल हो म्हणाला.
माझ्या हातात कागदी ताटली होती, तिच्यावर लोणच्याची काकडी.
मी काकडी खाल्ली.

सिनेमा पुढे गेला. मालकाची बोट दाखवली,
मालकाचा कुत्रा, काचेचा मनोरा.
कॅमेरा लिफ्टनं थेट वर गेला,
तिसऱ्या मजल्यावर थांबला नाही.
थांबला असता तर आम्ही चाळीस बायका दिसलो असतो,
कानाला हेडफोन, पायात घरच्या सपाता,
आणि योलांडा ब्रीझ, जी काखेतली गाठ
सात महिने कुणाला बोलली नाही,
कारण रजा संपली की नोकरी जाते,
नोकरी गेली की विमा,
आणि विमा गेल्यावर काय येतं
ते तिच्याएवढं कुणाला ठाऊक होतं?
रोज तेच तर ती टाइप करायची.

ही सबब नाही. किंवा असेल.

गेल्या फेब्रुवारीत मला पत्र आलं. गुडघ्याचं.
लिफाफा उभ्या उभ्या फाडला, पोस्टाच्या पेटीपाशीच, बर्फात.
आपल्यासाठी हा काळ कठीण असू शकतो.
मीच लिहिलेलं, एक अक्षर बदललेलं नाही.
आणि खरं सांगते, कुणाला सांगितलेलं नाही:
क्षणभर बरं वाटलं.
वाटलं, कुणाला तरी कळतंय.

दिवे लागले. वर्लिनसाठी टोपी फिरली.
मी वीस टाकले, मग आणखी दहा,
मग टोपी पुढे सरकवली,
जरा जास्तच घाईनं.

चादर उतरवायला कुणी तरी हवं होतं.
एका टोकाला रोवीना, दुसऱ्या टोकाला मी.
झटकली, ताणली, एक घडी केली.
दुसऱ्या घडीसाठी चालत एकमेकींच्या जवळ आलो,
टोकं जुळवताना तिची बोटं माझ्या बोटांवर आली
आणि तिथंच थांबली.

अगं बाई, ती म्हणाली,
किती गार पडलेत हात तुझे.